कॅल्सिन्यूरिन: प्रत्यारोपण झालेल्यांची रोजची गोळी ज्याला आवर घालते, ते पेशीतलं प्रथिन नेमकं करतं काय?

किडनी किंवा लिव्हरचं प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घरात घड्याळाला फार मान असतो. सकाळी आठ आणि रात्री आठ, किंवा नऊ आणि नऊ. घरात लग्न असो, एसटीचा लांबचा प्रवास असो की चतुर्थीचा उपवास, ठरलेल्या वेळेला टॅक्रोलिमसची कॅप्सूल पोटात गेलीच पाहिजे. ऑपरेशनची जखम भरली, रिपोर्ट चांगले आले, माणूस पुन्हा कामावर जायला लागला, तरी ती थांबत नाही. बहुतेकांसाठी ती आयुष्यभराची असते.

ही कॅप्सूल कशासाठी, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘प्रतिकारशक्ती कमी करण्यासाठी.’ उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. टॅक्रोलिमस सगळी प्रतिकारशक्ती सरसकट झोपवत नाही. पेशीच्या आत काम करणाऱ्या एका प्रथिनाला ते अडवतं. त्या प्रथिनाचं नाव कॅल्सिन्यूरिन.

भारतात २०२३ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त अवयवांचं प्रत्यारोपण झालं, त्यातल्या १३ हजारांहून जास्त किडन्या होत्या. यातल्या बहुतेक रुग्णांचं पुढचं आयुष्य या एका प्रथिनाला किती दाबायचं, यावर चालतं. कमी दाबलं तर शरीर नवा अवयव नाकारतं. जास्त दाबलं तर जंतुसंसर्ग, मधुमेह, आणि विचित्र वाटेल पण खुद्द किडनीचंच नुकसान होतं.

असं का होतं, हे कळायचं तर आधी पेशीच्या आत डोकवावं लागेल.

टी पेशीला जाग कशी येते?

आपल्या रक्तात आणि लसिका ग्रंथींमध्ये टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर एक ठरावीक ‘ओळख’ पटवणारं प्रथिन असतं. त्याच्याशी जुळणारं काही परकं सापडलं की पेशी जागी होते. एखाद्या नेहमीच्या विषाणूशी जुळणाऱ्या टी पेशी लाखात एखादीच असतात. दुसऱ्या माणसाच्या अवयवाला परकं मानणाऱ्या टी पेशी मात्र शंभरात काही इतक्या असू शकतात. प्रत्यारोपणानंतर शरीर इतक्या जोराने का उसळतं, ते यावरून लक्षात येईल.

पण परकं दिसलं म्हणजे लगेच हल्ला, असं होत नाही. बाहेरच्या पडद्यावर मिळालेली खबर आत, पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचावी लागते. कारण हल्ल्याच्या तयारीचे जनुक तिथे असतात. ही खबर पोहोचवण्याच्या साखळीत कॅल्सिन्यूरिन मधोमध बसलेलं आहे.

साखळीची सुरुवात कॅल्शियमपासून होते. हाडांसाठी लागतं तेच हे कॅल्शियम, पण इथे त्याचं काम निरोप्याचं आहे. शांत बसलेल्या पेशीच्या आत कॅल्शियम अगदी नगण्य असतं. बाहेरच्या द्रवात ते आतल्यापेक्षा सुमारे १० हजार पट असतं. पेशी हा फरक जाणूनबुजून, ऊर्जा खर्च करून राखते. धरणाचे दरवाजे बंद ठेवून पाणी अडवावं तसा हा प्रकार आहे.

टी पेशीला परकं काही भेटलं की आधी पेशीच्या आतल्या साठ्यातून थोडं कॅल्शियम सुटतं. साठा रिकामा होतोय हे लक्षात येताच पेशीच्या बाहेरच्या पडद्यातली दारं उघडतात आणि कॅल्शियम आत लोटतं. ही दारं ज्या प्रथिनाची बनलेली असतात त्याचं नाव ओराई. ग्रीक पुराणात स्वर्गाच्या दाराची राखण करणाऱ्या देवता आहेत, त्यांच्यावरून ते ठेवलं आहे. आपल्याकडच्या संशोधकाने शोध लावला असता तर कदाचित जय-विजय म्हटलं असतं. खरं तर हे तितकंसं गमतीचं नाही, कारण २००६ मध्ये ज्या प्रयोगशाळांनी ओराई शोधलं त्यातली एक अंजना राव या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाची होती. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

आत आलेलं कॅल्शियम आधी कॅल्मोड्युलिन नावाच्या छोट्या प्रथिनाला चिकटतं. हे दोघं मिळून कॅल्सिन्यूरिनला जाऊन भिडतात. एरवी कॅल्सिन्यूरिनच्या शरीराचाच एक तुकडा त्याच्या कामाच्या जागेवर झाकणासारखा बसलेला असतो. कॅल्मोड्युलिन चिकटलं की ते झाकण बाजूला होतं आणि कॅल्सिन्यूरिन कामाला लागतं.

त्याचं काम एकच, दुसऱ्या प्रथिनांवर चिकटलेले फॉस्फेटचे गट काढून टाकणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पेशीच्या जगात फॉस्फेट लावणं आणि काढणं म्हणजे बटण बंद-चालू करणं. टी पेशीत या कामाचा सगळ्यांत महत्त्वाचा गिऱ्हाईक आहे एनफॅट नावाचं प्रथिन. एनफॅट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करू शकतं, पण त्याच्या अंगावर डझनभर फॉस्फेट लादलेले असतात आणि त्या ओझ्यासकट त्याला केंद्रकाच्या दारातून आत शिरता येत नाही. कॅल्सिन्यूरिन हमालासारखं ती ओझी उतरवून घेतं. मोकळं झालेलं एनफॅट आत जातं आणि इंटरल्युकिन-२ सारख्या प्रथिनांचे जनुक चालू करतं. इंटरल्युकिन-२ मिळालं की टी पेशी भराभर विभागायला लागते. एकीच्या हजारो होतात.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. कॅल्शियम कमी झालं की दुसरी एन्झाइम्स एनफॅटवर पुन्हा ओझं लादतात आणि ते केंद्रकाबाहेर येतं. म्हणजे बटण एकदा दाबलं आणि झालं, असं नाही. हल्ला चालू राहायचा तर कॅल्सिन्यूरिनला सतत काम करत राहावं लागतं. म्हणूनच ते थोडंसं अडवलं तरी सगळी साखळी ढिली पडते. आणि म्हणूनच औषध थांबलं की ती पुन्हा सुरू होते.

शोध मेंदूत लागला होता

कॅल्सिन्यूरिन पहिल्यांदा सापडलं तेव्हा त्याचा प्रतिकारशक्तीशी काही संबंध असेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९७० च्या दशकात मेंदूच्या ऊतींवर काम करणाऱ्यांना ते मिळालं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या क्लॉड क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये त्याचं नाव ठेवलं. कॅल्शियमला धरतं म्हणून ‘कॅल्सि’ आणि मज्जापेशींत मिळालं म्हणून ‘न्यूरिन’. मेंदूत ते आहेही भरपूर, तिथल्या एकूण प्रथिनांच्या सुमारे १ टक्का. ते फॉस्फेट काढणारं एन्झाइम आहे, हे १९८२ मध्ये कळलं.

त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, वेगळीच लढाई चालू होती. किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी केलं, पण ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होतं. तिथे शरीराला परकं काही वाटण्याचा प्रश्नच नव्हता. जुळा भाऊ सगळ्यांना नसतो. १९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइडच्या जोरावर इतर दात्यांच्या किडन्या बसवायला सुरुवात झाली, मात्र मृत दात्याची किडनी वर्षभर टिकण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं.

हृदयाची गोष्ट तर आणखी वाईट. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं आणि जगभर लाट आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला, त्यामुळे शरीराने अवयव नाकारण्याची वेळच आली नाही. जगातल्या ज्या रुग्णांनी ऑपरेशन पार केलं त्यांच्यापैकी बहुतेकांना मात्र याच कारणाने किंवा ते टाळण्यासाठी दिलेल्या औषधांमुळे झालेल्या संसर्गाने गाठलं. दोन-तीन वर्षांत बहुतेक केंद्रांनी हृदय प्रत्यारोपण थांबवलं. सर्जनचे हात तयार होते. अडलं होतं ते टी पेशींपाशी.

मातीच्या चिमटीतून आलेली औषधं

स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीत तेव्हा एक पद्धत होती. सुट्टीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी जातील तिथली थोडी माती पिशवीत भरून आणायची. मातीतल्या बुरशींमधून नवी अँटिबायोटिक्स मिळतील, ही आशा. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरून आलेल्या अशाच एका नमुन्यात सापडलेल्या बुरशीने सायक्लोस्पोरिन दिलं. जंतूंवर ते फारसं चाललं नाही. पण १९७२ मध्ये हार्टमान स्टेहेलिन आणि जाँ-फ्रान्स्वा बोरेल यांच्या चाचण्यांत दिसलं की ते प्रतिकारशक्ती दाबतं, आणि तेही बाकीच्या पेशी सरसकट न मारता. त्या काळची औषधं विभागणाऱ्या प्रत्येक पेशीवर घाव घालायची, त्यामुळे ही बातमी मोठी होती. (या शोधाचं श्रेय दोघांत कसं वाटायचं यावरून पुढे बरीच वर्षं वाद चालला.)

केंब्रिजचे सर्जन रॉय कॅल्न यांनी १९७८ मध्ये ते किडनीच्या रुग्णांना दिलं. त्याआधी प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक साधी अडचण आली होती, हे औषध पाण्यात विरघळत नाही. कॅल्न यांच्याकडे काम करणारे ग्रीक संशोधक अल्किस कोस्टाकिस यांनी आईने घरून पाठवलेल्या ऑलिव्ह तेलात ते मिसळून पाहिलं आणि काम झालं. १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला मान्यता मिळाली. मृत दात्याची किडनी वर्षभर टिकण्याचं प्रमाण निम्म्यावरून सुमारे ८० टक्क्यांवर गेलं. बंद पडलेली हृदय आणि लिव्हरची केंद्रं पुन्हा उघडली.

पुढची चिमूट जपानची. १९८४ मध्ये फुजिसावा कंपनीच्या शास्त्रज्ञांना त्सुकुबा पर्वताजवळच्या मातीतल्या एका जीवाणूतून आणखी एक रसायन मिळालं. तेच टॅक्रोलिमस. नावातला पहिला ‘ट’ त्सुकुबाचाच. प्रयोगशाळेत ते सायक्लोस्पोरिनच्या कितीतरी पट प्रभावी ठरलं. १९८९ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांनी ते लिव्हरच्या रुग्णांसाठी वापरलं.

म्हणजे १९८९ पर्यंत डॉक्टरांच्या हातात दोन जबरदस्त औषधं होती, आणि ती नेमकी कशावर काम करतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

गळाला काय लागलं?

कोडं असं होतं. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांच्या रचनेत काडीचंही साम्य नाही. पेशीत शिरल्यावर सायक्लोस्पोरिन सायक्लोफिलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, टॅक्रोलिमस एफकेबीपी नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाला. तरी दोघांचा परिणाम तंतोतंत सारखा: इंटरल्युकिन-२ बनणं बंद.

ही दोन्ही प्रथिनं इतर प्रथिनांना घडी घालायला मदत करतात. मग औषधं ही मदत थांबवत असतील, असा सरळ तर्क निघाला. तो मोडला तिसऱ्या एका औषधाने. ईस्टर बेटावरच्या मातीतून आलेलं आणि भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी कॅनडात पुढे आणलेलं रॅपामायसिनही एफकेबीपीलाच चिकटतं, त्याचं घडीचं काम तितकंच थांबवतं, पण इंटरल्युकिन-२ त्याने बंद होत नाही. म्हणजे गुपित घडी घालण्यात नव्हतं.

१९९१ मध्ये हार्वर्डच्या स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने, जुन लिऊ आणि इतरांनी, वेगळा विचार केला. एकटं औषध नाही आणि एकटं प्रथिनही नाही, तर दोघांची जोडी मिळून तिसऱ्या कुणाला पकडत असेल तर? त्यांनी ती जोडीच गळाला लावली आणि पेशींच्या अर्कात टाकली. दोन्ही जोड्यांना एकच मासा लागला. तोच, मेंदूवाल्यांनी बारा वर्षांपूर्वी नाव दिलेला कॅल्सिन्यूरिन.

पुढे कळलं की औषध कॅल्सिन्यूरिनची कामाची जागा बिघडवत नाही. औषध आणि प्रथिनाची अवजड जोडी तिच्या तोंडाशी येऊन बसते आणि एनफॅटला जवळ येता येत नाही. दुकान चालू आहे, पण दारात ट्रक उभा आहे. दोन प्रथिनांना एकमेकांना चिकटवणारं औषध, ही कल्पना तेव्हा नवी होती. आज कर्करोगाची औषधं शोधताना ती मुद्दाम वापरली जाते.

१९९३ मध्ये अंजना राव यांच्या हार्वर्डमधल्या गटाने दाखवलं की एनफॅट हे थेट कॅल्सिन्यूरिनचं गिऱ्हाईक आहे, आणि साखळी जुळली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून शिकून अमेरिकेला गेलेल्या राव यांचं नाव या विषयात वारंवार येतं, तरी आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही.

ही साखळी किती मोलाची आहे, याचा पुरावा पुढे काही आजारी बाळांमध्ये मिळाला. त्यांच्या रक्तात टी पेशी होत्या, संख्येने पुरेशाही होत्या, पण त्या जाग्याच होत नव्हत्या. साध्या संसर्गानेही बाळ मरणाच्या दारात जायचं. कारण होतं ओराईच्या जनुकातली एक चूक. कॅल्शियमचं दार उघडत नव्हतं, म्हणून पुढे कॅल्सिन्यूरिन सुस्त आणि एनफॅट बाहेरच. औषधाने हे प्रथिन अगदी पूर्ण दाबलं तर काय होईल, याचं हे निसर्गानेच दाखवलेलं टोक. सुदैवाने नेहमीच्या डोसमध्ये कॅल्सिन्यूरिन पूर्ण बंद पडत नाही, काही प्रमाणातच अडवलं जातं. त्या उरलेल्या कामावरच रुग्ण सर्दी-खोकल्याशी लढत असतो.

मग किडनीच का बिघडते?

अडचण अशी की कॅल्सिन्यूरिन फक्त टी पेशींची मालमत्ता नाही. ते मेंदूत आहे, हृदयात आहे, स्वादुपिंडात आहे, किडनीत आहे. टी पेशींमध्ये ते मेंदूच्या मानाने बरंच कमी असतं, म्हणून थोड्या औषधाचाही तिथे आधी परिणाम दिसतो. पण ‘आधी’ म्हणजे ‘फक्त तिथेच’ नव्हे.

टॅक्रोलिमस घेणाऱ्यांचे हात थरथरतात, ते मज्जासंस्थेवरच्या परिणामामुळे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाही कॅल्सिन्यूरिन आणि एनफॅटची गरज असते, त्यामुळे प्रत्यारोपणानंतर काहींना नव्याने मधुमेह होतो. आधीच घराघरांत मधुमेह असलेल्या आपल्या देशात ही छोटी गोष्ट नाही. सायक्लोस्पोरिनने हिरड्या वाढतात, अंगावर केस वाढतात. तरुण मुलींना याचा किती त्रास होतो, हे डॉक्टरांच्या छापील यादीत ‘सौम्य दुष्परिणाम’ म्हणून येतं. सौम्य कुणासाठी, हा प्रश्न आहेच.

आणि किडनी. ही औषधं किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक रक्तवाहिनी आवळतात. रक्त कमी, गाळणं कमी. डोस कमी केला की सुरुवातीला हे सुधारतं. पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर आत व्रण तयार होतात आणि ते भरून येत नाहीत. कॅल्न यांच्या १९७८ च्या रुग्णांतच हे दिसलं होतं; तेव्हाचे डोस आजच्या कितीतरी पट मोठे होते. हृदय, फुप्फुस, लिव्हर अशा इतर अवयवांचं प्रत्यारोपण झालेल्या सुमारे ७० हजार अमेरिकी रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण तीन वर्षांत त्यातल्या १६.५ टक्के लोकांच्या किडन्या गंभीररीत्या बिघडल्या. मुळात ज्यांच्या किडनीला काहीच झालं नव्हतं, त्यांच्या. सगळा दोष या औषधांचा नव्हता, पण मोठा वाटा त्यांचा होता.

म्हणून गेली काही दशकं डॉक्टरांचा सगळा खेळ आकड्यांचा आहे. २००७ मध्ये १,६४५ किडनी रुग्णांवरचा सिंफनी नावाचा अभ्यास आला. त्यात कमी डोसचं टॅक्रोलिमस आणि जोडीला इतर औषधं, ही पद्धत सगळ्यांत सरस ठरली. अवयव नाकारणंही कमी आणि किडनीचं कामही चांगलं. आजही बहुतेक ठिकाणी याच धर्तीवर उपचार होतात. रक्तातलं टॅक्रोलिमस साधारणपणे एका मिलिलिटरला ५ ते १० नॅनोग्रॅम या पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न असतो. सुरुवातीच्या महिन्यांत जास्त, नंतर कमी. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या बारीक पट्ट्यात औषध राखायचं असल्याने वारंवार रक्त तपासावं लागतं, आणि तेही सकाळची कॅप्सूल घेण्याआधी. चाचणीच्या दिवशी सवयीने कॅप्सूल घेऊन लॅबमध्ये गेलं तर आकडा फुगून येतो आणि डोस उगाच कमी केला जातो.

पपनस, टीबी आणि काढा

टॅक्रोलिमस शरीरातून काढून टाकण्याचं काम लिव्हर आणि आतड्यातलं एक एन्झाइम करतं. त्याच एन्झाइमवर इतर अनेक गोष्टींचाही परिणाम होतो. ग्रेपफ्रूट नको, असं परदेशी माहितीपत्रकांत हमखास असतं. ग्रेपफ्रूट आपल्याकडे कितीजण खातात? पण गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारं पपनस त्याच कुळातलं आहे आणि तेही हे एन्झाइम अडवतं. औषध बाहेर पडत नाही, रक्तातली पातळी वाढते.

उलट टोकाला आहे टीबीचं औषध. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाला टीबी होण्याची शक्यता वाढते, आणि भारतात टीबीचे जंतू कमी नाहीत. टीबीवरचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन हेच एन्झाइम इतकं वाढवतं की टॅक्रोलिमस रक्तात टिकतच नाही. डोस अनेक पटींनी वाढवावा लागतो. म्हणून प्रत्यारोपण झालेल्यांसाठी बरेच डॉक्टर टीबीचा वेगळा औषधसंच निवडतात. टीबीचा उपचार दुसऱ्या दवाखान्यात सुरू झाला आणि तिथे प्रत्यारोपणाचं सांगायचं राहून गेलं, तर काही दिवसांत किडनी हातची जाऊ शकते.

याच गणिताचा भारतीय डॉक्टरांनी उपयोगही करून घेतला आहे. सायक्लोस्पोरिन महाग होतं, तेव्हा त्यासोबत मुद्दाम किटोकोनॅझोल हे बुरशीवरचं स्वस्त औषध दिलं जायचं. ते एन्झाइम अडवतं, त्यामुळे कमी सायक्लोस्पोरिनमध्ये भागतं आणि महिन्याचं बिल उतरतं. जोखीम होती, रक्ततपासणी काटेकोर लागायची, पण अनेकांचं औषध यामुळे चालू राहिलं.

राहता राहिला काढा. कोव्हिडपासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र घरोघरी झाला. नातेवाईक प्रेमाने गुळवेलीचा रस, काढे, पावडरी आणून देतात. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला प्रतिकारशक्ती वाढवायचीच नसते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय अशा पदार्थात काय आहे आणि त्याने टॅक्रोलिमसचं काय होईल, याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

इतर आजार आणि नवे मार्ग

कॅल्सिन्यूरिन अडवण्याचा उपयोग आता प्रत्यारोपणापुरता राहिलेला नाही. इसबावर आणि कोडाच्या डागांवर त्वचारोगतज्ज्ञ जे टॅक्रोलिमसचं मलम देतात, ते हेच औषध. त्वचेवर लावल्याने रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून वर लिहिलेले किडनीचे धोके मलमाला तसेच्या तसे लावू नयेत. डोळे कोरडे पडण्यावर सायक्लोस्पोरिनचे थेंब मिळतात. ल्युपस या आजारात किडनीला सूज येते, त्यावर सायक्लोस्पोरिनचाच भाऊबंद असलेल्या व्होक्लोस्पोरिनला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

कॅल्सिन्यूरिनला हात न लावता अवयव टिकवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. बेलाटासेप्ट हे औषध टी पेशीला बाहेरच अडवतं. ते शिरेतून द्यावं लागतं. सुरुवातीला अवयव नाकारण्याचे प्रसंग त्याच्यासोबत जास्त दिसले, पण दीर्घकाळात किडनीचं काम जास्त चांगलं राहिलं. भारतातल्या बहुतेक रुग्णांसाठी मात्र जेनेरिक टॅक्रोलिमस हाच परवडणारा आणि सहज मिळणारा पर्याय आहे. त्यातही एका कंपनीची कॅप्सूल बदलून दुसरीची घेतली किंवा दिवसातून दोनदाची सोडून एकदाची सुरू केली, तर रक्तातली पातळी नव्याने पाहावी लागते. औषधाच्या दुकानात ‘हेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दिलेलं पाकीट डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

लिव्हर बदललेल्या काही रुग्णांमध्ये, अनेक वर्षांनी, औषध हळूहळू पूर्ण थांबवूनही अवयव टिकल्याचं दिसलं आहे. शरीराने तो आपला मानलेला असतो. हे कुणाच्या बाबतीत होईल ते आधी ओळखण्याची खात्रीशीर चाचणी नाही, म्हणून असे प्रयोग देखरेखीखाली, वारंवार रक्ततपासणी आणि बायोप्सी करत होतात. किडनीच्या बाबतीत अशी उदाहरणं आणखी दुर्मीळ आहेत. बरं वाटतंय म्हणून घरच्या घरी कॅप्सूल बंद करून पाहणाऱ्याला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. अवयव नाकारण्याची सुरुवात बहुतेकदा दुखत नाही. ताप नसतो, लघवीही ठीक होत असते. टी पेशींमधलं कॅल्सिन्यूरिन मात्र मोकळं झालेलं असतं, आणि क्रिएटिनिनचा आकडा वाढून येतो तोवर किडनीचा काही भाग गेलेला असतो.